मराठी विकिपीडियावर संदर्भ लिहायची एकच पद्धत कशी ठरवायची? (आडनाव आधी की नाव आधी, यावरून आमच्यात भांडण झालंय)

गडवाट_पाच

नमस्कार मंडळी, आम्ही पाच मित्र मिळून मराठी विकिपीडियासाठी किल्ल्यांचे आणि मराठेशाहीतल्या लढायांचे लेख लिहितोय, अजून सगळं आपापल्या धूळपाटीवरच (कच्च्या लिखाणाच्या पानावर) आहे, मुख्य लेखात काही टाकलेलं नाही. दिवाळीत सुरू केलं तेव्हा ठरलं होतं की प्रत्येक वाक्याला संदर्भ पाहिजेच, आणि तेवढं खरंच पाळलं सगळ्यांनी. पण संदर्भ *कसा* लिहायचा हे कोणी ठरवलंच नाही आणि आता पाचांच्या पाच तऱ्हा झाल्यात.

पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं पान घ्या. त्यात इतिहासकार शेजवलकरांचं पुस्तक चार ठिकाणी आलंय. एका ठिकाणी "त्र्यं. शं. शेजवलकर", दुसरीकडे "शेजवलकर, त्र्यंबक शंकर", तिसऱ्याने नुसतंच "शेजवलकर पृ. अमुक" आणि चौथा तर "तत्रैव" (म्हणजे वरच्याच पुस्तकात) लिहून मोकळा झालाय. वर्ष कुठे १९४६, कुठे रोमन आकड्यांत (म्हणजे 1946 असं), कुठे नाहीच. आमच्यातला एक जण एमए करतोय तो म्हणतो एपीए (शोधनिबंधांत चालणारी, आडनाव आधी लिहायची पद्धत) वापरा, जगात तेच चालतं. दुसरा म्हणतो मराठी माणसाचं नाव उलटं लिहायचं म्हणजे सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं, मी नाही लिहिणार. परवा ग्रुपवर यावरून इतकं झालं की एक जण ग्रुप सोडून गेला (रात्री परत आला, ते सोडा).

तर प्रश्न असा की विकिपीडियाची स्वतःची अशी एक ठरलेली पद्धत आहे का? नसेल तर आम्ही कुठली घ्यावी? आणि आधीच लिहिलेल्या लेखांत आम्ही घुसून सगळे संदर्भ आमच्या पद्धतीने बदलले तर चालेल का?

धूळपाटीवरचा_जुना

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथेच लोक मार खातात. नाही, बदलू नका. दुसऱ्याने एखादा लेख मेहनतीने लिहिलाय, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पद्धत नीट पाळलीय, आणि तुम्ही फक्त तुम्हाला आवडत नाही म्हणून पन्नास संदर्भ उलटेपालटे केले तर तो माणूस चिडणारच. इंग्रजी विकिपीडियावर तर हा लिखित संकेतच आहे, लेखात जी पद्धत रुळलेली आहे ती चर्चा केल्याशिवाय बदलायची नाही. मराठीतही तेच धोरण शहाणपणाचं. फारच वाटलं तर आधी त्या लेखाच्या चर्चा पानावर लिहा, दोनचार दिवस थांबा, मग हात लावा. लेखात कुठलीच पद्धत नसेल, नुसते उघडे दुवे चिकटवलेले असतील, तर मात्र बिनधास्त सुधारा, त्याला कोणी काही म्हणत नाही, उलट आभारच मानतील.

आता पहिला प्रश्न. सगळ्या विकिपीडियावर एकच पद्धत पाहिजे असा नियम नाही, इंग्रजीतही नाही. अपेक्षा एवढीच की *एका लेखात* एकच पद्धत असावी. म्हणजे पानिपतच्या लेखात एक आणि हरिश्चंद्रगडाच्या लेखात दुसरी असली तरी आभाळ कोसळत नाही. पण तुम्ही पाच जण एकत्र काम करताय तर सगळीकडे एकच ठेवा, निदान भांडणं तरी कमी होतील.

माझा सल्ला, संदर्भ हाताने लिहूच नका, साचा वापरा. पुस्तकाचा साचा, बातमीचा साचा, संकेतस्थळाचा साचा असे वेगवेगळे आहेत. तुम्ही रकान्यांत माहिती भरायची, स्वल्पविराम कुठे, तिरपी अक्षरं कुठे, कंस कुठे हे साचा बघून घेतो. उद्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की वर्ष कंसात नको तर साच्यात एक बदल केला की हजार लेखांत बदल होतो. हाताने लिहिलेलं असेल तर बसा हजार लेख उघडत.

आणि ते "तत्रैव" आजच्या आज काढा. छापील पुस्तकात ठीक आहे, तिथे टीपा जागच्या हलत नाहीत. इथे उद्या कोणीतरी येऊन मध्ये एक वाक्य आणि एक संदर्भ घालणार, आणि तुमचं "तत्रैव" शेजवलकरांवरून थेट कुठल्यातरी ट्रेकिंगच्या ब्लॉगवर जाऊन बसणार. "उ. नि." (वर उल्लेख केलेलं पुस्तक) याचंही तेच.

पुल_ओलांडून

एमएवाल्या मित्राला सांगा निदान व्हँकुव्हर तरी सुचवू नकोस. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय मासिकांचे संपादक जमले होते आणि तिथून ती पद्धत निघाली, डॉक्टर लोकांत चालते. तिच्यात आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि आद्याक्षरांत टिंब नाही, जागा नाही. आता मराठीत करून बघा.

वि. का. राजवाडे होतात "राजवाडे विका". य. दि. फडके होतात "फडके यदि". आणि पु. ल. देशपांडे होतात "देशपांडे पुल", म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार कुठेतरी मुठा नदीवर आहे.

मी हे खरंच एका सेमिनारच्या पेपरात केलं होतं, सॉफ्टवेअरने आपोआप केलं आणि मी न वाचता दिलं. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं होतं, "कितीला?"

पीएचडी_सहावं_वर्ष

हाहा विका 😂 पण भावा, टिंबं ठेवली की प्रश्न मिटतो ना. एपीएमध्ये टिंबं असतात, "राजवाडे, वि. का." हे मराठीला छान बसतं उलट, कारण आपल्याकडे इतिहासकार, लेखक आद्याक्षरांनीच ओळखले जातात. एमएलए नावाच्या दुसऱ्या पद्धतीत पूर्ण नाव पाहिजे, मग "राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ" लिहावं लागतं, आणि किती जणांना सगळ्या लेखकांची पूर्ण नावं माहीत असतात? शिकागो पद्धतीचं तर अजूनच, त्यात दोन पद्धती आहेत, एक तळटीपांची आणि एक लेखक-वर्षाची, त्यामुळे "आम्ही शिकागो वापरतो" असं म्हणून काहीच कळत नाही, पुढे कोणती हे विचारावंच लागतं.

मी तरी एपीएच म्हणेन. वाक्याच्या शेवटी कंसात (शेजवलकर, १९४६) आणि खाली यादी. वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं कोण बोलतंय ते, खालीवर करावं लागत नाही.

धूळपाटीवरचा_जुना

@पीएचडी शोधनिबंधात बरोबर आहे तुझं, पण वाक्यातल्या कंसातली पद्धत इंग्रजी विकिपीडियाने सप्टेंबर २०२० मध्ये चर्चा करून बंद केली, नवीन लेखात वापरू नका म्हणून. कारण साधं आहे, विकिपीडियाच्या लेखात जवळजवळ प्रत्येक वाक्याला संदर्भ असतो आणि काही वाक्यांना तीन तीन. प्रत्येक ठिकाणी कंस आला की वाचणारा अडखळतो. छोटा आकडा वर दिसतो, त्यावर बोट ठेवलं की खिडकी उघडून पूर्ण संदर्भ दिसतो, मग कंस कशाला? मराठी विकी इंग्रजीच्या निर्णयांना बांधलेला नाही हे मान्य, पण हे कारण आपल्यालाही लागू आहेच.

एक मधला मार्ग आहे तुझ्यासाठी. पुस्तकाची पूर्ण माहिती खाली एकदाच, आणि टिपेत फक्त "शेजवलकर १९४६, पृ. अमुक" एवढंच. एकच पुस्तक वेगवेगळ्या पानांसाठी वीस वेळा येत असेल तर हेच बरं. पानिपतच्या लेखाला हे चपखल बसेल. किल्ल्याच्या छोट्या लेखाला नको, तिथे उगाच दोन दोन याद्या होतात.

वाचनालयातली_ताई

मी एका सार्वजनिक वाचनालयात बरीच वर्षं ग्रंथसूचीचं काम केलंय म्हणून बोलते. आडनाव आधी लिहिण्यात परकेपणा वगैरे काही नाही हो. आपल्या वाचनालयांतल्या जुन्या कार्डांच्या खणात बघा, आडनाव आधीच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या सूचीपद्धतीत आडनाव आधी आणि नाव कंसात लिहितात, आणि रंगनाथन तर आपलेच. कारण एवढंच की यादी अकारविल्हे लावता येते. टिपा आकड्यांच्या क्रमाने येणार असतील, अकारविल्हे यादी करायचीच नसेल, तर "त्र्यं. शं. शेजवलकर" असं सरळ लिहिलं तरी काही बिघडत नाही. म्हणजे तुमच्या दोन मित्रांचं भांडण कशावरून आहे तेच आधी बघा, यादी लावायचीय का नाही यावर सगळं आहे. (आणि ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाच्या रकान्यात कोंबू नका, एकाने तुकारामांच्या पुढे स्वल्पविराम देऊन "संत" लिहिलेलं मी पाहिलंय.)

पण मला विचाराल तर नावाच्या क्रमावर एवढा वेळ घालवू नका. मराठी पुस्तकांचे संदर्भ खरे फसतात ते दुसरीकडे.

आवृत्ती लिहा. लोक लिहीतच नाहीत. शेजवलकरांचं पानिपत १९४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलं ते इंग्रजीत, मराठी पुस्तक नंतरचं. तुमच्यातल्या एकाने इंग्रजी बघून पान टाकलं असेल आणि दुसऱ्याने मराठी बघून, तर "शेजवलकर, पृ. अमुक" याला काही अर्थच उरत नाही. कुठलं हातात धरून लिहिलं तेच लिहायचं. बघितलं पुनर्मुद्रण आणि वर्ष लिहिलं पहिल्या आवृत्तीचं, हे तर सर्रास चालतं.

शके. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शकच असतो. शके १८२० असेल तर चैत्रापासून पुढे ७८ मिळवून १८९८, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत छापलं असेल तर १८९९. महिना माहीत नसेल तर सरळ "शके १८२० (१८९८-९९)" लिहा, एकच साल ठोकून देऊ नका.

राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चे बावीस खंड आहेत आणि त्यातली पत्रं लेखांकाने (प्रत्येक पत्राच्या क्रमांकाने) ओळखली जातात. तिथे पानापेक्षा "खंड अमुक, लेखांक अमुक" जास्त उपयोगी, अभ्यासक तसंच शोधतात. आणि तिथे लेखक म्हणून राजवाडे लिहू नका, ते संपादक आहेत, पत्र पेशव्यांचं किंवा भाऊसाहेबांचं. "संपा." लिहायला दोन सेकंद लागतात. बखरींचंही तेच, एकाच बखरीच्या चार संपादकांनी चार प्रती काढलेल्या असतात आणि पाठ वेगळा असतो, त्यामुळे संपादकाचं नाव नसेल तर संदर्भ अर्धाच.

मराठी विश्वकोशातून घेत असाल तर नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं ते घ्या. नुसतं "विश्वकोश" किंवा "तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी" लिहून भागवू नका, ते प्रमुख संपादक होते, प्रत्येक नोंद त्यांनी लिहिलेली नाही.

गडवाट_पाच

ताई, तुम्ही तर आमची दुखरी नसच पकडली. आत्ता ग्रुपवर विचारलं. दोघांनी इंग्रजी स्कॅन वापरलंय आणि एकाने मराठी पुस्तक, आणि चौथा म्हणतोय त्याने दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातल्या टिपेतून शेजवलकरांचं पान उचललं, मूळ पुस्तक बघितलंच नाही 🤦

स्कॅनवाल्यांचा अजून एक घोळ, त्यांनी पीडीएफचा पान क्रमांक टाकलाय, छापील नाही.

अजून एक विचारतो. आकडे देवनागरी ठेवायचे की रोमन? आणि साच्यात तारीख टाकली की कधी कधी लाल अक्षरांत चूक दाखवतो, कधी नाही, काय कारण असेल?

वाचनालयातली_ताई

छापील क्रमांकच लिहायचा. प्रस्तावनेची पानं, मुखपृष्ठ, कोरी पानं धरून पीडीएफचा आकडा पुढे गेलेला असतो, आणि दुसऱ्याने दुसरीकडून स्कॅन उतरवलं की तोही बदलतो.

चौथ्याला सांगा, जे पुस्तक हातात होतं त्याचंच नाव लिही, "अमुक यांनी तमुक पुस्तकात उद्धृत केलेले" असं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न वाचलेलं वाचलं म्हणून दाखवण्यापेक्षा बरंच.

कोडवाला_कोल्हापूरचा

आकड्यांचं मी सांगतो, हे माझं रोजचं रडगाणं आहे.

वाचणाऱ्यासाठी देवनागरी आकडेच छान दिसतात आणि मराठी लेखात तेच असावेत. पण साच्यामागे जो प्रोग्रॅम चालतो तो ल्युआ नावाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि तो मुळात इंग्रजी विकीवरून आलेला. तो तारीख तपासतो, महिन्याचं नाव त्याच्या यादीत आहे का बघतो. आता आपण महिने कसे लिहितो? एप्रिल, एप्रील. फेब्रुवारी, फेब्रूवारी. ऑक्टोबर, ऑक्टोंबर. जुलै, जुलाई. यादीत एकच रूप असणार, बाकीच्यांना तो "तारीख तपासा" म्हणून लाल करणार. तुमचं कधी होतं कधी नाही त्याचं कारण बहुतेक हेच. पाच जणांनी बारा महिन्यांची बारा रूपं एका कागदावर लिहून घ्या आणि तीच वापरा, विषय संपला. आणि ०४/०७/२०१९ असं कधीच लिहू नका राव, ते चार जुलै की सात एप्रिल हे तुम्हालाच सहा महिन्यांनी आठवणार नाही.

जुन्यादादांनी जी छोट्या टिपेची पद्धत सांगितली ना, "शेजवलकर १९४६" वाली, तिथे काळजी घ्या. त्या टिपेतून खालच्या पुस्तकाकडे जो दुवा जातो तो नाव आणि वर्ष जुळवून जातो. टिपेत १९४६ देवनागरीत आणि यादीत रोमन आकड्यांत असं झालं की दुवा कुठेच जात नाही, मला हा अनुभव दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा मी अर्धा तास आडनावाची वेलांटी तपासत बसलो होतो.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मात्र रोमन आकड्यांतच टाका, तो दाखवायला नसतो, शोधायला असतो. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी असेल, दोन्ही चालतात. दहा आकडीच्या शेवटी एक्स असेल तर घाबरू नका, तो तपासणीचा आकडा आहे. आणि १९४६ च्या पुस्तकाला आयएसबीएन सापडत नाही म्हणून रडू नका, तेव्हा तो नव्हताच. गुगलून मिळालेला नवीन आवृत्तीचा नंबर जुन्या पुस्तकाला चिकटवू नका, ताईंनी आवृत्तीचं सांगितलं तेच परत.

अजून एक खास मराठी भानगड. "ॲ" दोन प्रकारे टाइप होतो. एक जोडलेलं एकच अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं. दिसायला सारखंच, मशीनला वेगळं. एकच संदर्भ परत वापरायला आपण त्याला नाव देतो ना, त्या नावात असलं अक्षर आलं आणि एकाने फोनवरून आणि दुसऱ्याने लॅपटॉपवरून टाइप केलं, तर विकी म्हणणार असा संदर्भच नाही. संदर्भाला नाव साधं द्या, "शेजवलकर" पुरे.

आणि पान, पानं, आणि "लेखांक"सारखं वेगळं ठिकाण, यातला एकच रकाना भरा. इंग्रजीवरून आलेल्या साच्यात दोन भरले की चूक दाखवतो.

जर्सीतला_वाचक

मी संपादन करत नाही, फक्त वाचतो, न्यू जर्सीत असतो. इथे मराठी पुस्तक हातात मिळणं अवघड, त्यामुळे मी लेखाखालच्या संदर्भांवर जगतो म्हणा ना. मला आडनाव आधी का नंतर याने काडीचा फरक पडत नाही. मला राग येतो तो दुव्यावर टिचकी मारल्यावर "पान सापडले नाही" आलं की. मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटी नवीन केल्या की जुने पत्ते जातात. बातमीचं शीर्षक, वर्तमानपत्राचं नाव, तारीख एवढं लिहिलेलं असलं तर निदान दुसरीकडे शोधता येतं. नुसता दुवा असेल तर सगळंच गेलं.

आणि इंग्रजी पुस्तकाचं नाव कृपा करून मूळ रोमन लिपीतच ठेवा, देवनागरीत लिप्यंतर केलं की इथल्या लायब्ररीच्या सर्चमध्ये काही मिळत नाही.

धूळपाटीवरचा_जुना

@जर्सी अगदी. म्हणूनच बातमीचा संदर्भ टाकतानाच वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणारी साइट) त्याची प्रत जतन करायची आणि तो दुवा पण साच्यात द्यायचा, नंतर करू म्हटलं की राहतंच. दृश्य संपादकात (कोड न दिसता लिहायची विकीची सोय) नुसता पत्ता टाकला की तो आपोआप संदर्भ बनवून देतो, पण मराठी साइटवर ते बरेचदा अर्धवट येतं, लेखकाच्या जागी वेबसाइटचं नाव, शीर्षकाच्या शेपटीला "ताज्या बातम्या मराठीत" असलं काहीतरी. एकदा वाचून साफ करा.

पीएचडी_सहावं_वर्ष

मी माझं एपीए मागे घेतो, पण टिंबं ठेवा एवढं माझं ऐका 🙏

गडवाट_पाच

सगळ्यांचे आभार. काल रात्री कॉलवर बसलो, दीड तास गेला पण ठरलं. साचाच वापरणार. पानिपतसाठी छोट्या टिपा आणि खाली पुस्तकांची यादी, म्हणून तिथे आडनाव आधी. किल्ल्यांच्या लेखांत यादी नाही, तिथे सरळ नाव, म्हणजे दोघेही जिंकले असं दोघांना वाटतंय, आपण तसंच राहू देऊ. आद्याक्षरं टिंबांसकट. आकडे देवनागरी, आयएसबीएन सोडून. बारा महिने मी कागदावर लिहून ग्रुपवर टाकलेत, ऑक्टोबरवरून थोडं झालं पण मिटलं. दुसऱ्यांच्या लेखांना हात लावायचा नाही, आधी चर्चा पान.

आणि मग मोठ्या उत्साहाने पहिला संदर्भ नीट करायला घेतला.

शेजवलकर, त्र्यं. शं. (१९४६). पुढे पुस्तकाचं नाव रोमनमध्येच, जर्सीकरांसाठी. पुणे : डेक्कन कॉलेज. पृ.

इथे अडकलो. हे वाक्य त्या चौथ्याचं आहे, ज्याने मूळ पुस्तक बघितलंच नव्हतं, आणि ज्या पुस्तकातून उचललं ते त्याने मित्राला परत देऊन टाकलंय. शनिवारी दोघं वाचनालयात जातोय.

पुल_ओलांडून

तोपर्यंत वाक्य तिथून काढून ठेवा. आणि मित्राला विचारा, पुस्तक अजून आहे ना त्याच्याकडे, का विका झालं त्याचं.